पहाटे तीनचा घास: आतड्यातले जिवाणू, शरीराचं घड्याळ आणि वाढणारं वजन

जागरण · पहाटे ३:५२

मधल्या सुट्टीत लिहिते आहे, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. ११ वर्षं झाली. महिन्यातल्या १०-१२ रात्री जागून निघतात आणि या ११ वर्षांत माझं वजन १९ किलोंनी वाढलंय. "कमी खा आणि चाला" हे घरच्यांनी सांगून झालं, डॉक्टरांनी सांगून झालं, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांनीही सांगून झालं. म्हणून गेले दोन महिने तोंडात गेलेला प्रत्येक घास मी वहीत लिहिला. दिवसपाळीचा आठवडा असो की रात्रपाळीचा, पोटात जातं ते जवळपास तेवढंच. बदलते ती वेळ.

पहाटे तीनच्या सुमाराला औषधांची फेरी संपलेली असते. मॉनिटरच्या हिरव्या उजेडात बसलेली असते मी, बोटं गार पडलेली, आणि तेव्हा गोड खावंसं वाटतं. त्याला भूक म्हणता येणार नाही, पोट भरलेलं असतं. ॲप्रनच्या खिशात बिस्किटांचा पुडा असतो, त्यातली सहा जातात. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला तीच सहा बिस्किटं खाल्ली की रात्री जेवण कमी जातं. पहाटे खाल्ली की काहीच जाणवत नाही, जणू खाल्लीच नाहीत. मग एक प्रयोग केला. साखर मोजायचं यंत्र घरात होतंच. सहा बिस्किटं, बरोबर एका तासाने बोटाला टोचायचं. चार वेळा दुपारी मोजली, चार वेळा पहाटे. पहाटेचा आकडा चारही वेळा वरचा.

हल्ली सगळीकडे आतड्यातल्या जिवाणूंबद्दल वाचायला मिळतं. त्यांनाही दिवस-रात्र कळते, असंही वाचलं. यात खरं किती आणि गोळ्या खपवण्यासाठी किती? जाणकारांनी लिहावं ही विनंती.

ताळेबंद · सकाळी ९:०५

जागरणताई, रागावू नका, पण स्पष्ट लिहितो. मी वर्षभर प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर ठेवून खाल्ली आणि १४ किलो उतरवले. शरीरात गेलेली ऊर्जा वजा वापरलेली ऊर्जा, बाकी उरते ती चरबी. घड्याळ कितीही वाजलेलं असो. जिवाणूंवर बोट ठेवलं की माणूस हातातली वही खाली ठेवतो, हे मी मित्रांमध्ये पाहिलंय. म्हणून काळजीपोटी लिहितोय.

कवडसा · सकाळी ९:४०

ताळेबंद, त्यांनी वही खाली ठेवलेली नाही हो. धाग्याची सुरुवातच वहीने केली आहे.

सूक्ष्मदर्शी · दुपारी १:१५

मी जंतुविरहित उंदरांच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम केलंय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी ताळेबंद यांचा मुद्दा. ऊर्जेचं गणित खरं आहे आणि ते कुणीही मोडलेलं नाही. फक्त त्या गणितातले दोन्ही बाजूंचे आकडे आपण समजतो तेवढे पक्के नसतात. जिवाणू आणि घड्याळ यांचं काम नेमकं तिथे आहे.

जंतुविरहित उंदीर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं हवेत राहील. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा फुगा असतो, आत गाळलेली हवा, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेलं खाणं, पाणी, गादीचा भुसा. फुग्याला कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यात हात घालूनच उंदराला उचलायचं. सहा वर्षांत एकाही उंदराला मी उघड्या हाताने स्पर्श केला नाही. या उंदरांच्या आतड्यात जन्मल्यापासून एकही जिवाणू नसतो. पहिल्यांदा असा उंदीर उघडून पाहिला तेव्हा मी दचकलो. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली पिशवी नेहमीच्या उंदरापेक्षा कितीतरी पट फुगलेली होती, जवळजवळ अर्धं पोट तिनेच व्यापलेलं. आतला बुळबुळीत स्राव खाऊन फस्त करणारे जिवाणूच नाहीत, म्हणून तो साचत जातो आणि पाणी धरून ठेवतो. जिवाणू रोज किती काम करतात ते मला त्या पिशवीने शिकवलं. पुस्तकात वाचून ते तसं कळलं नव्हतं.

आता लठ्ठपणा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००४ मध्ये अशा उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत अंगातली चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि खाणं आधीपेक्षा कमी झालेलं असताना! २००६ मध्ये त्याच गटाने लठ्ठ आणि सडपातळ उंदरांचे जिवाणू वेगवेगळ्या जंतुविरहित उंदरांना दिले. लठ्ठ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रयोग २०१३ चा. माणसांच्या जुळ्या जोड्या घेतल्या, एक लठ्ठ, एक सडपातळ. दोघांच्या विष्ठेतले जिवाणू उंदरांना दिले. लठ्ठ जुळ्याचे जिवाणू मिळालेले उंदीर जाड झाले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप होते. सडपातळाचे जिवाणू दुसऱ्याच्या आतड्यात जाऊन रुजले आणि त्याचं जाड होणं थांबलं. पण कधी? खाण्यात स्निग्ध पदार्थ कमी आणि फळं-भाज्या भरपूर असतील तेव्हाच. खाणं उलट्या प्रकारचं असेल तर ते जिवाणू आत जाऊनही टिकले नाहीत.

बी चांगलं असून भागत नाही, जमीनही तशीच लागते. इथे जमीन म्हणजे आपण रोज काय खातो ते.

ताळेबंद · दुपारी २:३०

वाचून विचारात पडलो. पण हे सगळं उंदरांचं. माणसाच्या बाबतीत किती कॅलरींचा फरक पडतो हे कुणी मोजलंय का?

पहाटवारा · दुपारी ४:१०

मी आहारतज्ज्ञ आहे, यावर लिहू शकते.

हो, मोजलंय, आणि फार कष्टाने मोजलंय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७ जणांना बंदिस्त कक्षात ठेवून खाल्लेला प्रत्येक घास आणि बाहेर पडलेली विष्ठा दोन्हींतली ऊर्जा मोजली. एका टप्प्यात प्रक्रिया केलेलं, तंतू (फायबर) कमी असलेलं खाणं. दुसऱ्या टप्प्यात अख्खी धान्यं, तंतू आणि न पचणारा स्टार्च भरपूर, म्हणजे जिवाणूंपर्यंत काहीतरी पोचेल असं. दुसऱ्या आहारावर विष्ठेतून रोज सरासरी ११६ कॅलरी जास्त बाहेर गेल्या. माणसामाणसांत फरक बराच होता, तरी दिशा स्पष्ट होती. ताळेबंद, तुमच्या वहीत दोन्ही आहारांचा आकडा जवळपास सारखा लिहिला गेला असता.

आता यातली एक गंमतीची गाठ सोडवते, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. जिवाणू तंतू आंबवतात आणि त्यातून छोट्या साखळीची मेदाम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. ती आपल्याला ऊर्जा देतात. आपल्या एन्झाइमांना न पचणाऱ्या तंतूच्या एका ग्रॅममधून साधारण २ कॅलरी मिळतात त्या याच वाटेने. मग तंतू खाऊन वजन वाढायला हवं, नाही का? तसं होत नाही, कारण तीच आम्लं आतड्याच्या भिंतीतल्या पेशींना जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडायला लावतात, आणि ती मेंदूला "पुरे" म्हणून कळवतात. शिवाय ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहे. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा संरक्षक थरच खायला लागतात.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की कडधान्यं, अख्खी धान्यं, भाज्या, फळं, दाणे यांतून दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू जायला हवेत. पण आजवर कमी खात असाल तर तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम वाढवले की पोट फुगतं, आणि लोक तिथेच सोडून देतात.

अबोली · संध्याकाळी ७:२०

माझा अनुभव लिहिते, कुणाचे तरी पैसे वाचतील. मी विष्ठेची तपासणी करून घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. रंगीत आलेखांचा २२ पानी अहवाल आला. "तुमच्यात फर्मिक्युट्स जास्त, बॅक्टेरॉइडिटीज कमी, म्हणून वजन वाढतं" असं त्यात ठळक छापलं होतं. हे जिवाणूंचे दोन मोठे गट. सोबत त्यांच्याच कॅप्सूल. सात महिने घेतल्या. वजन होतं तिथेच. एवढंच नाही, आपल्या आतच काहीतरी बिघडलेलं आहे आणि आपल्याला ते दुरुस्त करता येत नाही, ही भावना घट्ट बसली. अहवाल हातात घेऊन रडले होते मी.

सूक्ष्मदर्शी · रात्री ९:०५

अबोली, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्यात काहीही "बिघडलेलं" सिद्ध झालेलं नव्हतं.

त्या दोन गटांच्या गुणोत्तराची गोष्ट २००६ ची आहे. १२ लठ्ठ माणसांच्या अभ्यासात दिसलं की वजन उतरताना बॅक्टेरॉइडिटीजचं प्रमाण वाढतं. ही बातमी जगभर पसरली. पुढे अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा तो संबंध फारच फिका निघाला. एकट्या माणसाच्या अहवालावरून तो लठ्ठ का झाला हे सांगण्याइतका दम त्या गुणोत्तरात नाही.

माणसांवरचे उपचाराचे प्रयोगही याच ठिकाणी येऊन थांबतात. ॲम्स्टरडॅममध्ये २०१२ मध्ये चयापचय बिघडलेल्या पुरुषांना सडपातळ दात्यांचे जिवाणू दिले. सहा आठवड्यांनी इन्सुलिनला शरीर चांगला प्रतिसाद देऊ लागलं, वजन मात्र हललं नाही. अक्करमॅन्सिया नावाचा जिवाणू हल्ली फार गाजतोय. २०१९ मध्ये तो तीन महिने देऊन पाहिला, ३२ जणांनी अभ्यास पूर्ण केला. गंमत अशी की पाश्चरीकरण करून मारलेल्या जिवाणूने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. वजनातला फरक मात्र खात्रीने सांगावा इतका नव्हता.

उंदरात जिवाणू बदलले की वजन बदलतं, कारण तिथे आधी आतडं रिकामं असतं. माणसाच्या आतड्यात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. एका कॅप्सूलमधले पाहुणे तिथे बहुतेक वेळा मुक्काम करत नाहीत.

कवडसा · रात्री ९:३०

अबोली, रडू आलं ते मला समजतं. मी लहानपणापासून जाड आहे. प्रत्येक नवा शोध आला की तो आधी आमच्या माथी मारला जातो. आधी आळशी होतो, मग जिभेचे गुलाम, आता आमचे जिवाणूही वाईट. सूक्ष्मदर्शी, तुम्ही "सिद्ध झालेलं नव्हतं" हे शब्द लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार.

जागरण · पहाटे ३:३५ (दुसरी रात्र)

सगळं दोनदा वाचलं. पहाटवारा, तंतूंचं आजवर कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न अजून बाकी आहे. खाणं तेच असताना वेळेने काय बदलतं? जिवाणूंना घड्याळ असतं का?

सूक्ष्मदर्शी · सकाळी १०:५०

हो, बरोबर. तो भाग मी बाजूलाच ठेवला होता.

मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. ते मुख्य घड्याळ, ते उजेडावर लागतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडं, चरबी, सगळीकडच्या पेशींत स्वतःची घड्याळं आहेत. जनुकांचं चक्र साधारण २४ तासांत एक फेरी पूर्ण करतं. हे चक्र फळमाशीत उलगडून दाखवल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. यकृताचं घड्याळ मुख्यतः जेवणाच्या वेळेवर लागतं. म्हणजे तुम्ही पहाटे तीनला खाता तेव्हा डोळे एक वेळ सांगत असतात आणि बिस्किटं दुसरी. मेंदूचं घड्याळ आणि यकृताचं घड्याळ एकमेकांपासून सरकतात.

आता जिवाणू. दिवसभरात आतड्यातल्या जातींचं प्रमाण वरखाली होत असतं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव्ह यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की ज्या उंदरांच्या घड्याळाची जनुकंच काढून टाकली आहेत त्यांच्या जिवाणूंची ही लय नाहीशी होते. त्याच उंदरांना ठरलेल्या वेळीच खायला घातलं की लय परत येते. म्हणजे जिवाणूंना वेळ कळते ती बहुतांशी तुमच्या जेवणावरून.

त्याच अभ्यासातला एक छोटा प्रयोग तुमच्यासाठी. अमेरिकेतून इस्रायलला विमानाने गेलेल्या दोन माणसांची विष्ठा तीन वेळा घेतली: निघण्याआधी, पोचल्यावर झोपेचं वेळापत्रक उलटं झालेलं असताना, आणि दोन आठवड्यांनी सावरल्यावर. तिन्ही नमुने जंतुविरहित उंदरांना दिले. मधल्या नमुन्याचे उंदीर जास्त जाड झाले, त्यांची साखरही वर राहिली. माणसं दोनच होती, त्यामुळे यावर इमारत उभी करू नका. पण मला हा प्रयोग विसरता येत नाही. प्रवासाचा शीण दुसऱ्याच प्राण्याच्या अंगावर उतरावा, केवळ जिवाणूंमधून!

उलट दिशेनेही निरोप जातात. जिवाणू आतड्याच्या अस्तरातल्या एनएफआयएल३ या प्रथिनाची रोजची लय वरखाली करतात, आणि ते प्रथिन चरबी किती शोषायची ते ठरवतं. टेक्सासमधल्या लोरा हूपर यांच्या गटाने हे २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं. आतड्याच्या अस्तरात हे प्रथिन नसलेले उंदीर स्निग्ध खाण्यावरही फारसे जाड होत नाहीत.

ताळेबंद · सकाळी ११:२०

म्हणजे तेवढंच खाऊन, केवळ वेळ बदलून उंदीर जाड होतो?

सूक्ष्मदर्शी · सकाळी ११:३५

हो. साल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांना तेच स्निग्ध खाणं दिलं, एका गटाला २४ तास मोकळं, दुसऱ्याला रात्रीचे आठच तास, कारण उंदराचा "दिवस" रात्री असतो. दोघांनी ऊर्जा सारखीच घेतली. आठ तासवाले बरेच सडपातळ राहिले आणि त्यांचं यकृतही ठणठणीत राहिलं.

पहाटवारा · दुपारी ३:००

मात्र माणसांचं चित्र इतकं देखणं नाही, आणि ते इथे सांगायलाच हवं, नाहीतर उद्यापासून सगळे उपाशी बसतील. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ व्यक्तींचा वर्षभराचा अभ्यास आला. सगळ्यांना उष्मांक कमी दिले, निम्म्यांना ते सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायला सांगितले. वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, इतरांचं ६.३ किलो. हा फरक योगायोगापलीकडचा म्हणावा इतका नव्हता. ताळेबंद, इथे तुमची वही जिंकली.

पण जागरण, तुमचा प्रश्न रात्रपाळीचा आहे आणि त्यावर थेट उत्तर देणारा अभ्यास आहे. २०२१ मध्ये १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळीत ठेवलं. एका गटाने रात्रीही जेवायचं, दुसऱ्याने जागायचं रात्री पण जेवायचं फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची वाढली नाही. जागरण दोघांचंही तेवढंच होतं. तुम्ही बोटाला टोचून जे पाहिलंत ते खरं होतं.

गोड खावंसं वाटतं त्याचंही कारण आहे. दोनच रात्री चार तास झोपवलेल्या तरुणांमध्ये भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि तृप्ती देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, हे २००४ चं निरीक्षण. पहाटे तीनला खिशातला पुडा उघडणाऱ्या हाताला नुसता निग्रह कमी पडतो असं म्हणणं अन्यायाचं आहे.

तुम्ही असं करून पाहा: मुख्य जेवण पाळी सुरू व्हायच्या आधी, पोटभर, कडधान्यं आणि भाज्या जास्त असलेलं. मध्यरात्र ते सकाळी सहा शक्यतो पाणीच. अगदीच राहवलं नाही तर मूठभर दाणे, बिस्किटं नकोत. घरी आल्यावर हलकी न्याहारी आणि मग अंधार करून झोप. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन सुरू असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, रात्री साखर अचानक उतरू शकते.

ताळेबंद · दुपारी ३:२५

जागरणताई, पहिल्या प्रतिसादाबद्दल माफी मागतो. माझी नोकरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. गेली २० वर्षं रात्री अकराला झोपतो. वहीत फक्त किती ते लिहिलं, कधी हा रकाना मला कधी लागलाच नाही. तुमच्या वहीत तो रकाना घाला आणि जमलं तर इथे कळवा.

जागरण · संध्याकाळी ६:१० (पाच आठवड्यांनी)

कळवते आहे.

पहिल्या आठवड्यात पोट फुगलं, पहाटवारा म्हणाल्या होत्या तसंच. तिसऱ्या आठवड्यापासून बरं आहे. १३ रात्रपाळ्या झाल्या. त्यातल्या नऊ रात्री पाण्यावर निघाल्या, तीन रात्री दाणे खाल्ले. एका रात्री दोन रुग्ण एकापाठोपाठ गेले आणि मी कपाटामागे उभी राहून अख्खा पुडा संपवला, तेही वहीत लिहिलंय.

वजन १.२ किलोंनी उतरलंय. एवढ्याशा आकड्यावर मी काही दावा करणार नाही. पण रात्रपाळीहून आल्यावर छातीत जळजळायचं ते थांबलं आहे, आणि दुपारी उठल्यावर खरी, पोटातून येणारी भूक लागते. ती कशी असते ते मी विसरलेच होते.

आमच्या विभागप्रमुखांशी बोलले. सलग चार रात्रींऐवजी दोन-दोन लावता येतील का ते बघू म्हणाल्या. विश्रांतीच्या खोलीत जेवण गरम करायची सोय रात्री ११ नंतरच सुरू होते, ती आठपासून करा असा अर्ज आम्ही सात जणींनी दिलाय.

सूक्ष्मदर्शी, एक विचारायचं राहिलं. सुट्टीच्या दिवशी मी घरच्यांबरोबर दिवसाच्या वेळा पाळते, म्हणजे आठवड्यात दोनदा घड्याळ उलटं होतं. तेव्हाही जेवणाच्या वेळा पाळीसारख्याच ठेवू का?

सूक्ष्मदर्शी · संध्याकाळी ६:५५

नको. घरच्यांबरोबरच जेवा. तुमची पाळीच्या दिवसांची मुख्य जेवणं आता उजेडाच्या बाजूला आलीच आहेत, त्यामुळे सुट्टीत फारसं काही सरकवावं लागणार नाही. झोप सरकली तरी जेवणं जागेवर राहिली, तर यकृत आणि जिवाणू दोघांनाही एक खुंटी मिळते. अर्जाचं काय झालं ते नक्की कळवा.